मिस्टीचा स्टारयू आणि बिनगाभ्याचा तारामासा

पोकेमॉनचे पहिले गेम, रेड आणि ग्रीन, जपानमध्ये १९९६ साली आले. त्यात सेरुलियन शहराच्या जिममध्ये, म्हणजे तिथल्या आखाड्यात, मिस्टी वाट अडवून उभी असते. पाण्यातल्या पोकेमॉनची, म्हणजे पाळून लढवायच्या काल्पनिक प्राण्यांची, ट्रेनर. तिच्याकडे दोनच गडी: १८ लेव्हलचा स्टारयू आणि २१ लेव्हलचा स्टारमी. सुरुवातीला मोठ्या हौसेने आगवाला चारमँडर निवडलेल्या पोरांची इथे हमखास दांडी गुल व्हायची. आपल्याकडे बहुतेकांनी मिस्टीला पाहिलं ते कार्टून नेटवर्कवर, हिंदी बोलताना, आणि तिच्या ताफ्यातला लक्षात राहिला तो डोकं धरून बसणारा सायडक. पण प्राणिशास्त्राची थोडीफार आवड असेल, तर खरा मजेदार गडी स्टारयूच.

मातकट सोनेरी रंगाचा पाच टोकांचा तारा. मधोमध सोनेरी कोंदणात बसवलेला लाल खडा. उंची ८० सेंटिमीटर, वजन साडेचौतीस किलो. डोळे नाहीत, तोंड दिसत नाही. पोकेडेक्स, म्हणजे पोकेमॉनच्या जगातला प्राणिकोश, त्याच्याबद्दल सांगतो की मधला गाभा शाबूत असेल तर बाकी शरीराचे तुकडे झाले तरी स्टारयू पुन्हा पूर्ण वाढतो. लढाईत हात तुटला तर त्याला फिकीर नाही, नवा येतो.

हे लिहिणाऱ्याने तारामाशाचा अभ्यास केला होता हे उघड आहे. तुटलेला बाहू पुन्हा उगवतो हे आपणही शाळेत कंटकचर्मी प्राण्यांच्या धड्यात वाचलेलं असतं. पण त्या गाभ्याच्या अटीत गोम आहे. प्राणी म्हटला की त्याचा जीव कुठेतरी एका जागी ठेवलेला असणार, असं आपण गृहीतच धरतो. राक्षसाचा जीव पोपटात असतो तसा. तारामासा नेमका इथेच आपल्याला चकवतो.

बऱ्याचशा जातींपुरता पोकेडेक्स बरोबर आहे. उत्तर अटलांटिकच्या किनाऱ्यावर सर्रास सापडणारा आस्टेरियास घ्या. त्याचा नुसता बाहू तोडून पाण्यात टाकला तर त्यातून नवा तारामासा होत नाही. बाहूबरोबर मधल्या चकतीचा बऱ्यापैकी तुकडा असेल, तरच बाकीचं शरीर उगवतं. कालवांची शेती करणारे कोळी चिडून तारामासे चिरायचे आणि तुकडे परत समुद्रात फेकायचे, मग त्या तुकड्यांतून तारामाशांची फौजच उभी राहायची, असा किस्सा नेहमी सांगितला जातो. चकतीसकट चिरले असतील तर फौज उभी राहू शकते; नुसते हात छाटले असतील तर नाही.

मात्र हिंदी आणि प्रशांत महासागराच्या प्रवाळांवर राहणाऱ्या लिंकिया नावाच्या कुळात हा नियम सपशेल मोडतो. त्याचा एक बाहू सुटून बाजूला होतो आणि तुटलेल्या टोकाशी चार चिमुकले नवे बाहू फुटतात. एक लांबलचक हात आणि त्याच्या बुडाशी इवलासा तारा, असं हे ध्यान धूमकेतूसारखं दिसतं आणि शास्त्रज्ञही त्याला धूमकेतूच म्हणतात. तोंड तयार होईपर्यंत त्याला खाता येत नाही. तोवर तो बाहूतल्या साठ्यावर दिवस काढतो. कारण तारामाशाच्या प्रत्येक बाहूत पाचक ग्रंथींची एकेक जोडी असते आणि तिथेच अन्नही साठतं. जननग्रंथीसुद्धा बाहूतच. थोडक्यात, प्रत्येक हात जवळजवळ स्वयंपूर्ण संसार आहे.

हात तुटतो तोही दर वेळी दुसऱ्या कुणी तोडल्यामुळे नाही. शत्रूने पकडलं की तारामासा तो हात स्वतःच सोडून देतो. त्याच्या त्वचेखालच्या धाग्यांची एक खुबी आहे. मज्जातंतूंचा इशारा मिळाला की हे धागे क्षणात कडक होतात किंवा लिबलिबीत. सांध्याशी लिबलिबीत झाले की हात गळून पडतो. नवा हात यायला मात्र काही महिने, कधी वर्षाहूनही जास्त काळ लागतो. पोकेमॉनमधली ‘रिकव्हर’ ही चाल एका फेरीत काम उरकते. खऱ्या तारामाशाला तेवढ्यासाठी एक अख्खा मोसम उपाशीतापाशी काढावा लागू शकतो.

मग त्या मधल्या चकतीत असतं तरी काय? खालच्या बाजूला तोंड, तोंडाभोवती मज्जातंतूंचं एक कडं, वर पोट. मेंदू नाही. स्टारयूच्या लाल खड्याच्या जवळपास जाणारी एकच गोष्ट पाठीवर दिसते, ती म्हणजे मॅड्रेपोराइट नावाची छोटी चाळणीदार टिकली. आस्टेरियासमध्ये ती फिकट किंवा नारिंगी ठिपक्यासारखी उठून दिसते. गंमत म्हणजे ती मध्यावर नसते, थोडी कडेला, दोन बाहूंच्या बेचक्यात असते. पाच सारख्या हातांच्या या रेखीव प्राण्याच्या नक्षीत एवढीच एक गोष्ट वाकडी आहे.

या टिकलीतून समुद्राचं पाणी आत झिरपतं आणि नळ्यांच्या जाळ्यातून प्रत्येक बाहूत पोहोचतं. बाहूच्या खालच्या बाजूला ओळीने शेकडो मऊ नळकांडी असतात, त्यांना नालपाद म्हणतात. आत प्रत्येकाला एकेक पिटुकला फुगा जोडलेला. फुगा आवळला की पाणी दाबाने खाली येतं आणि पाय लांब होतो. जेसीबीचा हात तेलाच्या दाबावर हलतो, तसा हा समुद्राच्या पाण्याच्या दाबावर. नालपादांच्या टोकाच्या चकत्या हवा ओढून चिकटतात असं जुन्या पुस्तकांत असायचं. आता कळलंय की चिकटण्याचं बरंचसं काम गोंदाचं आहे: पाय टेकवताना एक द्राव सुटतो, उचलताना दुसरा द्राव तो बंध सोडवतो, आणि मागे गोंदाचे गोल ठसे उरतात. हेच पाय लावून तारामासा शिंपला ओढत राहतो. शिंपल्याची फट केसाएवढी किलकिली झाली तरी त्याला पुरे. तोंडातून स्वतःचं पोट बाहेर काढून तो ते फटीत सारतो आणि शिंपल्यातला जीव जागच्या जागी पचवतो. पोकेमॉनवाल्यांनी ही चाल का वगळली असेल, हे समजण्यासारखं आहे.

आपल्या कोकण किनाऱ्यावर जो वाळूतला तारामासा सापडतो, ॲस्ट्रोपेक्टन, तो मात्र वेगळ्या घराण्यातला. करडा, चपटा, बाहूंच्या कडेला पट्ट्यांची आणि काट्यांची झालर. तो उलटा करून पाहिलात तर बाहूच्या खोबणीत दोन रांगांत वळवळणारे नालपाद दिसतील, पण त्यांच्या टोकाला चकत्या नाहीत. टोकदार आहेत, कारण याला खडकाला चिकटायचं नसतं, वाळू उकरायची असते. ओल्या वाळूवर सरळ ठेवला तर तो कुठेही न जाता जागच्या जागी खाली बुडायला लागतो आणि थोड्या वेळाने वाळूवर फक्त ताऱ्याचा आकार उरतो. पोट बाहेर काढायच्या भानगडीत तो पडत नाही. छोटे शिंपले आणि शंख अख्खेच गिळतो.

आता मिस्टीला एक गंभीर प्रश्न विचारायला हवा. तुझं जिम म्हणजे पोहण्याचा तलाव. त्यात स्टारयू जगतो कसा? अंगातल्या पाण्याचं यंत्र बाहेरच्या समुद्राला जोडलेलं असल्याने तारामाशाच्या शरीरातला खारटपणा समुद्राएवढाच असतो, आणि तो राखणारी मूत्रपिंडं त्याच्याकडे नाहीत. बाल्टिकसारख्या मचूळ समुद्रात काही जाती तग धरतात, पण गोडं पाणी म्हणजे मरण. तारामासे, सी-अर्चिन नावाचे काटेरी गोळे, समुद्रकाकड्या मिळून कंटकचर्मींच्या आज सुमारे ७,००० जाती आहेत. त्यांतली एकही गोड्या पाण्यात राहत नाही. या संघाला ५० कोटींहून जास्त वर्षांचा इतिहास आहे, तरीही नदीत शिरणं कुणाला जमलं नाही. पोकेमॉनमध्ये ‘वॉटर’ हा एकच प्रकार करून नदी आणि समुद्र एकत्र कालवलेत. माझ्या मते या खेळातली ही सर्वांत मोठी जीवशास्त्रीय थाप आहे. आग ओकणारी पालही मला तिच्यापुढे किरकोळ वाटते.

गाभ्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही. मेंदू नसेल तर हुकूम कोण देतं? ज्या बाहूला भक्ष्याचा वास लागतो तो तेवढ्यापुरता पुढारी होतो आणि बाकीचे चार त्याच्यामागे जातात. पुढच्या वेळी दुसरा. तारामासा पालथा पडला की हे पाहण्यासारखं असतं. आधी पाचही टोकं वर वळून चाचपडतात. मग दोन-तीन बाहूंचे नालपाद जमीन पकडतात, तेवढ्यात उरलेले बाहू ओढ सोडतात आणि चकती हळूच कोलांटी घेते. कोणत्या बाहूंनी पकडायचं आणि कोणत्यांनी सोडायचं, हे मधून कुणी सांगत नाही.

२०२३ साली नेचर या नियतकालिकात एक शोधनिबंध आला आणि चित्र आणखी विचित्र झालं. माशापासून माणसापर्यंत सगळ्यांत डोकं कुठे आणि धड कुठे हे ठरवणारे जनुकांचे संच जवळपास तेच असतात. लोराँ फॉर्मेरी, क्रिस्टोफर लो आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या बॅट स्टार या तारामाशात हे संच कुठे चालू असतात ते तपासलं. डोक्याचे जनुक सगळीकडे सापडले. सर्वांत पुढच्या भागाचे प्रत्येक बाहूच्या मध्यरेषेवर, त्यानंतरचे बाहूच्या कडांकडे. धडाचे जनुक बाहेरच्या अंगात जवळजवळ नव्हतेच. म्हणजे तारामासा हे धड गमावलेलं, समुद्रतळावर सरपटणारं एक डोकं आहे. मेंदू नाही, पण डोकंच डोकं! स्टारमीला ‘सायकिक’, म्हणजे मनाच्या शक्तीने लढणारा, ठरवणाऱ्यांना १९९६ साली हे माहीत असणं शक्य नव्हतं, पण नेम बरा लागला.

आणि तो लाल रंग? तोही खऱ्या तारामाशात आहे, फक्त मध्यावर नाही. प्रत्येक बाहूच्या अगदी टोकाला, शेवटच्या नालपादाच्या बुडाशी, एक लाल ठिपका असतो. तो डोळा. पाच हात, पाच डोळे. चालताना तारामासा बाहूचं टोक किंचित वर वळवून धरतो ते यासाठीच. २०१४ साली अँडर्स गार्म आणि डॅन-एरिक निल्सन यांनी निळ्या लिंकियाला प्रवाळापासून थोडं दूर नेऊन ठेवलं. डोळे असलेले तारामासे सरळ प्रवाळाकडे परतले, डोळे काढलेले भरकटले. नजर अगदीच धूसर, रंग कळत नाहीत, पण उजळ पाण्यासमोरचा प्रवाळाचा मोठा काळा ढिगारा तेवढा दिसतो. स्टारयूसारखं चमकणंही निव्वळ कल्पना नाही. ग्रीनलँडजवळच्या खोल पाण्यातल्या तारामाशांवरचं संशोधन २०१८ मध्ये आलं, आणि त्यांतल्या काही जाती स्वतः प्रकाश सोडतात.

स्टारयूला वॉटर स्टोन दिला की त्याचा दहा टोकांचा स्टारमी होतो. याला पोकेमॉनमध्ये उत्क्रांती म्हणतात, पण एका जिवाचं एका जन्मात रूप पालटलं तर ते रूपांतरण, सुरवंटाचं फुलपाखरू होतं तसं. खऱ्या तारामाशाचं रूपांतरण अधिक अचाट आहे. त्याची सूक्ष्म अळी आपल्यासारखीच डाव्या-उजव्या बाजूंची असते आणि काही आठवडे पाण्यात तरंगते. मग तिच्या डाव्या अंगात पाच टोकांचा तारा आकार घेऊ लागतो, ती तळाला चिकटते आणि बाकीची अळी त्या ताऱ्यात विरघळून जाते. हात वाढवणारेही आहेत. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा सूर्यफूल तारामासा पाच हातांनी सुरुवात करतो आणि पुढे १६ ते २४ हातांचा होतो. पसारा मीटरभर आणि वेग मिनिटाला साधारण एक मीटर. तारामाशांत हा धावपटूच.

या धावपटूची गत मात्र वाईट झाली. २०१३ पासून अलास्का ते मेक्सिको या पट्ट्यात वीसहून अधिक जातींचे तारामासे एका रोगाने पटापट मरू लागले. आधी अंगावर फोड, मग बाहू पीळ घेतात, गळून पडतात आणि काही दिवसांत सगळा प्राणी चिखलासारखा विरघळतो. हात सोडून जीव वाचवायची जुनी युक्ती इथे कामी येत नाही, कारण रोग अंगभर भिनलेला असतो. सूर्यफूल तारामाशांपैकी ९० टक्क्यांहून जास्त गेले आणि २०२० साली ही जात अतिसंकटग्रस्त यादीत आली. त्यांचं आवडतं खाणं सी-अर्चिन. खाणारा गेल्यावर अर्चिन बेसुमार वाढले आणि उत्तर कॅलिफोर्नियातली केल्प या महाकाय समुद्रशेवाळाची जंगलं त्यांनी बहुतांशी फस्त केली.

रोगाचं कारण शोधताना आधी एका विषाणूवर संशय गेला, पण तो धागा टिकला नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कॅनडा आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी चार वर्षांच्या कामानंतर गुन्हेगार जाहीर केला: व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा नावाचा जिवाणू, कॉलराच्या जिवाणूचा भाऊबंद. आधीच्या बऱ्याच शोधात रोगट कातडीचे तुकडे तपासले जात होते. या गटाने शरीराच्या पोकळीतला द्रव तपासला आणि रोगी व निरोगी तारामाशांमधला फरक तिथे ठळक दिसला. वॉशिंग्टन राज्यातल्या फ्रायडे हार्बरच्या प्रयोगशाळेत २०१९ पासून सूर्यफूल तारामाशांची पैदास चालू आहे. ते समुद्रात सोडायचे तर हा जिवाणू नेमका कुठे आहे, कोमट पाण्यात किती फोफावतो आणि काही तारामासे त्याला पुरून उरतात का, हे आता थेट तपासता येईल.