मायक्रोफ्लुइडिक पेशी-प्रतिमांकन

केसाइतक्या किंवा त्याहूनही अरुंद मार्गिकेतून द्रवासोबत वाहणाऱ्या पेशींची, त्या वाहत असतानाच, एकेक करून सूक्ष्मदर्शकातून छायाचित्रे टिपण्याची आणि संगणकाकडून ती तपासून घेण्याची पद्धत. उपकरणाच्या प्रकारानुसार सेकंदाला साधारणपणे शंभरापासून काही हजारांपर्यंत पेशी पाहता येतात. रक्तविज्ञान, कर्करोग संशोधन, औषधांच्या चाचण्या आणि समुद्री प्लवकांचा (पाण्यासोबत वाहणाऱ्या सूक्ष्म जीवांचा) अभ्यास ही तिच्या वापराची मुख्य क्षेत्रे आहेत.

इतक्या पेशी पाहायच्या कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पॅथॉलॉजी लॅबमध्ये स्लाइडवर रक्ताचा स्मिअर, म्हणजे पातळ थर, ओढून पांढऱ्या पेशींचे प्रकार डोळ्यांनी मोजतात, तेव्हा साधारण १०० पेशी मोजल्या जातात. न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या नेहमीच्या प्रकारांचे प्रमाण कळायला तेवढ्या पुरतात. पण दहा हजारांत एखादीच असणारी पेशी हवी असेल, तर एक लाख पेशी तपासूनही ती सरासरी दहाच वेळा भेटते आणि त्या दहात निव्वळ योगायोगानेच तीनेकांचा फरक पडतो. भरवशाचा आकडा हवा तर दहा लाख पेशी पाहाव्या लागतात. सेकंदाला एक पेशी या गतीने अखंड पाहत बसले, तरी त्याला साडेअकरा दिवस लागतील. सेकंदाला हजार पेशी टिपणारे यंत्र तेच काम सतरा मिनिटांत उरकते.

वेग आधी आला, चित्र नंतर आले. अमेरिकेत वॉलेस कोल्टर यांना १९५३ साली ज्या कल्पनेचे पेटंट मिळाले, तिच्यात पेशी बारीक छिद्रातून जाताना विजेचा रोध किती बदलतो यावरून ती मोजली जाते. १९६५ मध्ये मॅक फुलवायलर यांनी तिथल्याच लॉस अलामोस प्रयोगशाळेत पेशी थेंबाथेंबाने वेगळ्या करणारे यंत्र दाखवले आणि पुढे स्टॅनफर्डमध्ये लिओनार्ड हर्झेनबर्ग यांच्या गटाने त्याला लेसर आणि प्रतिदीप्त, म्हणजे प्रकाश पडला की स्वतः चमकणाऱ्या, रंगांची जोड दिली. यातून उभे राहिलेले फ्लो सायटोमीटर आज मोठ्या रुग्णालयांत रोजच्या वापरात आहे. मात्र त्याला पेशी दिसत नाही, प्रकाशाचा एक ठोका तेवढा कळतो. दोन पेशी चिकटून गेल्या की एक मोठी पेशी गेली, ही त्याची नेहमीची फसगत. एखादे प्रथिन केंद्रकात आहे की केंद्रकाबाहेर, हेही नुसत्या ठोक्यावरून सांगता येत नाही.

मायक्रोफ्लुइडिक चिपमुळे, म्हणजे बारीक मार्गिका असलेल्या छोट्या पट्टीमुळे, हे बदलले. १९९० च्या दशकात हार्वर्डमध्ये जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने पारदर्शक सिलिकॉन रबर साच्यात ओतून बारीक मार्गिका बनवण्याची पद्धत रुळवली. साचा एकदा झाला की चिप स्वस्तात निघतात आणि बिघडली की टाकून देता येते. इतक्या अरुंद जागेत द्रव घुसळत नाही, थर न मोडता सरळ वाहतो. बाजूने आवरण-द्रव सोडला की नमुन्याचा प्रवाह मधोमध बारीक धारेत दाबला जातो आणि पेशी एकामागून एक भिंगाच्या नेमक्या खोलीवर येतात. कण मार्गिकेत आपोआप ठराविक जागी गोळा होतात, हा १९६१ साली सेग्रे आणि सिल्बरबर्ग यांनी नोंदवलेला परिणामही यासाठी वापरतात.

जर्मनीत ड्रेस्डेन येथे योखेन गुक यांच्या गटाने २०१५ मध्ये मांडलेली पद्धत जवळून पाहण्याजोगी आहे. तिच्यातील मार्गिका २० मायक्रोमीटर रुंद, तेवढीच उंच आणि ३०० मायक्रोमीटर लांब. रक्तपेशी मेथिलसेल्युलोजच्या दाटसर द्रावणात मिसळून सोडतात. पेशी भिंतीला टेकत नाही, तरी द्रवाच्या ओढीने तिचा आकार बंदुकीच्या गोळीसारखा लांबट होतो. वेग असतो सेकंदाला साधारण १० सेंटिमीटर. या वेगात कॅमेऱ्याचे झापड १०० मायक्रोसेकंद उघडे राहिले, तर पेशी १० मायक्रोमीटर, म्हणजे जवळजवळ स्वतःच्या रुंदीइतकी सरकते आणि चित्र पार फासले जाते. म्हणून प्रकाश सतत न ठेवता एलईडीची मायक्रोसेकंदभराची चमक देतात. तेवढ्यात पेशी जेमतेम ०.१ मायक्रोमीटर हलते, जे भिंगाच्या क्षमतेपलीकडचे असल्याने कडा स्वच्छ येते. त्या कडेवरून आकारमान आणि विरूपता (आकार किती बदलला ते) निघते, त्यावरून पेशी मऊ की ताठ हे ठरते. पेशीला रंग लावावा लागत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते या पद्धतीचे खरे मोल वेगापेक्षा इथेच जास्त आहे, कारण रंगवण्यात पेशी बदलते आणि वेळही जातो.

धूसरपणा टाळायचे इतर मार्गही आहेत. सिएटलच्या ॲम्निस कंपनीच्या इमेजस्ट्रीम यंत्रात कॅमेऱ्याच्या संवेदकावरील विद्युतभार पेशीच्याच वेगाने ओळीओळीने पुढे सरकवला जातो, त्यामुळे मंद प्रतिदीप्तीही साठून दिसते. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात केइसुके गोदा आणि बहराम जलाली यांनी २००९ मध्ये लेसरच्या क्षणिक झोतातील वेगवेगळ्या रंगांवर चित्र कोरून, ते रंग एकामागून एक येतील असे काळात ताणण्याची युक्ती दाखवली. २०१२ मध्ये तिच्याच आधारे सेकंदाला सुमारे एक लाख कणांपर्यंत मजल गेली. चित्र पाहून त्याच क्षणी ती पेशी बाजूला काढणारी यंत्रे २०१८ नंतर पुढे आली.

टिपणे सोपे झाले तशी अडचण विश्लेषणाकडे सरकली. शंभर गुणिले शंभर बिंदूंचे करडे चित्र १० किलोबाइटचे धरले, तर सेकंदाला हजार पेशी म्हणजे तासाला ३६ गिगाबाइट. वर्गीकरण आता बहुधा न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारी संगणकप्रणाली, करते आणि धोकाही तिथेच आहे. रुग्णांचे नमुने एका चिपवर आणि निरोगी लोकांचे दुसऱ्या चिपवर चालवले, तर नेटवर्क रोगाऐवजी चिपमधला फरक शिकते. पेशींची संख्या लाखांत असली तरी माणसे वीसच असतील, तर निष्कर्ष वीस माणसांपुरताच असतो. हे भान सुटलेले दावे या क्षेत्रात पुष्कळ होतात.

नीट वापर झाला की फळ ठोस मिळते. जर्मनीत एर्लांगेन येथील माक्स प्लांक संस्थेतील गटाने २०२१ मध्ये कोविड रुग्ण, बरे झालेले आणि निरोगी अशा लोकांच्या ४० लाखांहून जास्त रक्तपेशी मोजल्या. रुग्णांच्या रक्तपेशींचे भौतिक गुणधर्म बदललेले आढळले आणि काही बदल बरे झाल्यावर महिन्यांनंतरही टिकून होते. समुद्रातही ही कल्पना उपयोगी ठरली आहे. अमेरिकेतील वुड्स होल सागरी संशोधन संस्थेत विकसित झालेले, वाहत्या पाण्यातील प्लवकांची चित्रे घेणारे यंत्र २००८ मध्ये टेक्सासच्या किनाऱ्यावर होते. त्याने डायनोफायसिस या विषारी प्लवकाची वाढ वेळीच पकडली, आणि कुणी आजारी पडण्याआधी, असे प्लवक खाणारी तिथली कालवे (ऑयस्टर शिंपले) बाजारातून मागे घेता आली.

प्रत्यक्ष काम करणाऱ्याला सर्वात जास्त छळते ती चिप तुंबणे. एखादा धागा किंवा पेशींची गुठळी मार्गिकेत अडकली की प्रवाह वाकडा होतो आणि मोजमापे बिघडतात, म्हणून नमुना आधी गाळावा लागतो. नळीत पेशी तळाशी बसतात, त्यामुळे सुरुवातीचा आणि शेवटचा नमुना सारखा राहत नाही.

विदर्भ आणि नंदुरबारच्या आदिवासी भागांत मोठा प्रश्न असलेल्या सिकलसेल आजारात या तंत्राला विशेष वाव आहे. सोल्युबिलिटी (विद्राव्यता) आणि एचपीएलसी (रक्तातील घटक वेगळे करणारी) या चाचण्यांतून हिमोग्लोबिनचा प्रकार कळतो. प्रत्यक्ष किती तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि किती ताठ होतात, हे पेशी पाहूनच समजते. ऑक्सिजन भरपूर असताना यांतील बऱ्याच पेशी गोलच दिसतात, म्हणून उघड्या हवेतली मोजणी फसवी ठरते. चिपच्या सिलिकॉन रबरातून वायू आरपार जातो. शेजारच्या मार्गिकेत नायट्रोजन सोडून ऑक्सिजन हवा तेवढा कमी करता येतो आणि कोणत्या पातळीला किती पेशी वाकतात, हे एकाच रुग्णाच्या हजारो पेशींवर मोजता येते.