संपलेली बॅटरी आणि थिजलेली बॅटरी

दर डिसेंबरात मनालीकडून कुणाचा तरी फोन येतोच. "अरे, 42 टक्के होती! तरी ड्रोन स्वतःच खाली उतरायला लागला." आणि पाठोपाठ ठरलेलं निदान: "थंडीत बॅटरी लवकर संपते ना." संपत नाही हो. दर वेळी फोनवर तेच सांगून कंटाळलो, म्हणून एकदाचं लिहून ठेवतो.

संपलेली बॅटरी सगळ्यांना माहीत आहे. मुळशीला धरणावर उडवता, टक्के उतरत जातात, तिशीला आलात की परत फिरता, घरी चार्जरला लावता. तिच्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही.

थिजलेली बॅटरी कळायला थंडीतली खोबरेल तेलाची बाटली आठवा. गळ्यापर्यंत भरलेली, पण उपडी धरली तरी थेंब पडत नाही. तेल कुठे गेलेलं नसतं. बॅटरीतल्या लिथियमच्या सेलमधलं द्रावण तेलासारखं गोठत नाही, पण गारठ्यात घट्टसर होतं, त्यातून चार्ज वाहून नेणारे आयन रेंगाळतात आणि सेलचा अंतर्गत रोध वाढतो. चार्ज आहे तिथेच असतो. मोटरींना हव्या त्या वेगानं तो बाहेर येत नाही, एवढंच.

घोळ होतो तो पडद्यावरच्या टक्क्यांमुळे. टक्के म्हणजे बाटलीत किती तेल उरलं त्याचा हिशेब. ड्रोन हवेत ठेवायचा की खाली घ्यायचा हे ठरवताना मात्र तो व्होल्टेजही बघतो. आणि तुम्ही रिमोटवरची स्टिक पुढे ढकलून जास्त करंट मागितला की वाढलेल्या रोधामुळे तेच व्होल्टेज धपकन खाली येतं.

ढोबळ आकडे घेऊ. भरलेला सेल 4.2 व्होल्टचा. थंडीमुळे जोर लावताना 0.4 व्होल्ट पडतात असं धरा. उरले 3.8, काही बिघडत नाही. आता तीच बॅटरी चाळिशीला आली आहे, सेल 3.7 च्या आसपास. तेच 0.4 पडले की 3.3, आणि तिथे ड्रोन घाबरतो. पडझड सुरुवातीपासून तेवढीच होती, पण भरलेल्या बॅटरीनं ती झाकली होती. म्हणून पहिली दहा मिनिटं "काय मस्त उडतोय" आणि अकराव्या मिनिटाला फोन.

मी हे सिस्सूला शिकलो. अटल बोगदा ओलांडून लाहौलमध्ये, साधारण 3100 मीटरवर. सकाळी धबधब्याच्या बाजूला पाठवला, येताना समोरून वारा, म्हणून शहाण्यासारखा स्पोर्ट मोड (जास्त वेगाचा) लावला. 41 टक्के आणि पडद्यावर लाल पट्टी. सेलचं व्होल्टेज उघडून ठेवलं होतं: स्टिक पूर्ण दाबली की 3.3, सोडली की 3.6. दाब, सोड, दाब, सोड. तेवढ्यात तो गुडघाभर बर्फात बसला. शोधून काढला, पुसला, बॅटरी जॅकेटच्या आतल्या खिशात अर्धा तास ठेवली. मग चार्ज न करता तीच लावली, तर डोक्याएवढ्या उंचीवर चार मिनिटं आरामात तरंगला. संपलेल्या बॅटरीला हे जमलं असतं?

त्या उंचीवर हवाही विरळ, पंखे जास्त फिरवावे लागतात, म्हणजे करंट आणखी जास्त. विरळ हवेचा फटकाही शेवटी व्होल्टेजलाच.

तेव्हा उपाय बाटलीचेच. आधी ऊब. बॅटऱ्या रात्री गाडीत सोडायच्या नाहीत. खोलीत ठेवायच्या, निघताना अंगाशी धरायच्या. उडवायच्या आधी बॅटरीचं तापमान 20 अंशांच्या जवळ हवं, ॲपमध्ये ते दिसतं. उडवल्यावर मिनिटभर डोक्याइतक्या उंचीवर एका जागी तरंगत ठेवा, वाहत्या करंटनं सेल आतून तापतो. स्टिक हळू, स्पोर्ट मोड बंद. पूर्ण चार्ज असेल तरच उडवायचं, "साठ टक्के आहेत, एक शॉट घेतो" हा प्रकार बर्फात नको. मी पन्नाशीला परत बोलावतो आणि बाकीचे हसतात. हसू देत. लाल पट्टी आलीच तर जोर लावून पळवू नका. स्टिक सैल सोडा, व्होल्टेज सावरू द्या, जवळची मोकळी जागा बघून उतरवा.

ऊब म्हणजे शेगडी नव्हे, हेही सांगावं लागतं. होमस्टेच्या तंदूरवर ओळीनं मांडलेल्या बॅटऱ्या मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. लिथियम आहे ते, पापड नव्हेत.

बाकीचं भराभर. डीजेआय मिनी 2 ला किमान 0 अंश लागतात, मिनी 4 प्रो उणे 10 पर्यंत चालतो. आपल्या मॉडेलची मर्यादा बघून घ्या. पडता बर्फ आणि धुकं असेल तर उडवूच नका, पंख्यांवर बर्फ धरतो. सपाट पांढऱ्या बर्फावर खालचे सेन्सर गोंधळतात, चटई अंथरा. एक्स्पोजर थोडं वाढवा, नाहीतर बर्फ राखाडी येतो. ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा सरकारी डिजिटल स्कायचा नकाशा पाहिल्याशिवाय सीमेकडच्या भागात ड्रोन बाहेर काढू नका. फोन रिमोटला लावून उघडा धरला की तोही थिजतो आणि तीस टक्क्यांवर बंद पडतो. कारण तेच.

खोलीत परतल्यावर ड्रोन बॅगेतून लगेच काढू नका, लेन्सवर आतून दव धरतं. आणि गार बॅटरी चार्जरला लावायची घाई नको. उडवताना थंडीनं फक्त अडवणूक केली होती. चार्ज करताना ती कायमचं नुकसान करते: शून्याखाली चार्ज केलं तर लिथियम सेलच्या आत धातूच्या रूपात साचतं आणि ते परत येत नाही. बऱ्याच ड्रोनच्या बॅटऱ्या 5 अंशांखाली चार्जिंग घेतच नाहीत ते यासाठी. दिवा लागला नाही म्हणून रात्री अकराला मला फोन करून "चार्जर मेला" सांगू नका. बॅटरी उशाशी ठेवा, सकाळी लावा.