अंधारात हात कोणी धरला होता? मीडियमच्या दाव्यांमागचा इतिहास

मीडियमच्या, म्हणजे मेलेल्यांच्या आत्म्यांशी संपर्क होतो असं सांगणाऱ्या माणसाच्या बैठकीत टेबल हललं, टकटक झाली, पाटीवर आपोआप अक्षरं उमटली असं सांगणारे लोक बहुतेक वेळा खोटं बोलत नसतात, आणि मला वाटतं सगळी गोची तिथेच आहे.

सुरुवात १८४८ ची, न्यूयॉर्क राज्यातलं हाइड्सव्हिल, फॉक्स बहिणी आणि आत्म्यांची म्हणून सांगितलेली ती टकटक. १८८८ मध्ये त्यांतल्या मार्गारेटने भर सभेत पायाच्या बोटांचे सांधे वाजवून दाखवले, पुढच्या वर्षी कबुली मागेही घेतली, पण तोवर हे वेड जगभर पसरलं होतं. १८५३ मध्ये शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेने, टेबलावर हात ठेवून ते आपोआप फिरतं असं मानणाऱ्यांच्या हाताखाली सरकणारे पुठ्ठ्यांचे थर ठेवले तर आधी हात सरकत होते आणि मग टेबल, आणि हात सरकल्याचं दाखवणारा काटा लोकांना दिसेल असा ठेवला की टेबल हलायचंच बंद! म्हणजे फसवणूक नसतानाही माणूस फसतो.

यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम मात्र मला एस. जे. डेव्ही या हौशी जादूगाराचं वाटतं. अशा दाव्यांची तपासणी करणारी लंडनची सायकिकल रिसर्च सोसायटी १८८२ ची, तिथले संशोधक रिचर्ड हॉजसनसोबत त्याने पाटीवरच्या लिखाणाच्या खोट्या बैठका घेतल्या, सगळी हातचलाखी, आणि आलेल्या लोकांना नंतर जे पाहिलं ते लिहून द्यायला सांगितलं. १८८७ मध्ये ते छापून आलं. शिकल्यासवरलेल्या लोकांनी घटनांचा क्रम उलटा लिहिला, पाटी नजरेआड झाली तो क्षणच गाळला, आणि वर छातीठोकपणे सांगितलं की ट्रिक शक्यच नव्हती. डेव्हीने कबूल केल्यावरही आल्फ्रेड रसेल वॉलेससारखा मोठा शास्त्रज्ञ म्हणत राहिला की हा खरा मीडियमच असणार.

मग इटालियन मीडियम युसापिया पलादिनो. अंधारात दोन्ही बाजूचे लोक तिचा एकेक हात धरून बसायचे, ती झटके देत देत हात जवळ आणायची आणि शेवटी एकच हात दोघांच्या ताब्यात, दुसरा मोकळा. दोघंही शपथेवर सांगणार की मी हात सोडला नाही, आणि दोघंही खरे! १८९५ मध्ये केंब्रिजला ती यात पकडली गेली. समर्थक म्हणाले, ढील दिली की फसवते, एरवी खरं असतं. १९०८ मध्ये नेपल्सला तिघा जाणकारांनी जे घडतंय ते जागेवरच लघुलेखकाकडून टिपून घेतलं आणि ते प्रभावित झाले. हा डेव्हीनंतरचा खराच सुधार होता, पण टिपणात जे जातं ते शेवटी हात धरणाऱ्यालाच जाणवलेलं असतं ना. १९०९ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये मानसशास्त्रज्ञ प्रोफेसर म्युन्स्टरबर्ग तिच्या शेजारी बसलेले असताना जमिनीवर सरपटत गेलेल्या एका माणसाने अंधारात तिची टाच पकडली, पाय बुटातून बाहेर काढून तिने मागे पडद्यापर्यंत नेला होता.