शेकरू (सातारा व सांगली जिल्हे)

शेकरू (शास्त्रीय नाव : रॅटुफा इंडिका) : कृंतक (कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या) गणातील खारींच्या कुळातला, झाडांवरच आयुष्य काढणारा प्राणी, महाराष्ट्राचा राज्यप्राणी. शेकरू म्हटले की भीमाशंकरचे नाव आधी निघते. पण साताऱ्यातील महाबळेश्वर व कोयनेची जंगले आणि सांगलीच्या शिराळा तालुक्याला लागून असलेले चांदोलीचे जंगल हीदेखील त्याची तितकीच हक्काची घरे आहेत.

अंगणातल्या पट्टेरी खारीवरून शेकराचा अंदाज बांधता येत नाही. वजन साधारण १.५ ते २ किलो, आणि शेपटी धडापेक्षाही लांब. पाठ काताच्या रंगाची, काही ठिकाणी तांबूस, काही ठिकाणी काळपट. पोट, गळा आणि पुढच्या पायांची आतली बाजू पिवळसर पांढरी. प्रदेशागणिक या छटा बदलतात. इतका ठळक रंग असूनही ते पटकन दिसत नाही. दाट पालवीतून उन्हाचे कवडसे पडतात तेव्हा त्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत गडद पाठ आणि फिकट पोट विरून जाते. घार किंवा गरुड डोक्यावर आला तर शेकरू पळत नाही, खोडाला अंग चिकटवून निपचित पडते.

त्याचे जेवण बघण्यासारखे असते. मागच्या पायांनी फांदी पकडून ते उलटे लोंबकळते, शेपटी दुसऱ्या बाजूला सोडून तोल धरते आणि मोकळ्या झालेल्या पुढच्या पंजांत फळ फिरवत कुरतडते. खाली टपटप साली पडत राहतात. फळे, बिया, फुले, झाडाची साल यांवर त्याचा निर्वाह. कधी किडे आणि पक्ष्यांची अंडीही खाते.

शेकरू दिवसा वावरते आणि बहुधा एकटेच राहते. उंच झाडाच्या शेंड्याकडे, बारीक फांद्यांच्या बेचक्यात ते काटक्या-पानांचे गोल घरटे बांधते. तिथवर जड शिकारी प्राणी पोचू शकत नाही. एकच घरटे बांधून ते थांबत नाही, आपल्या हद्दीत अशी अनेक घरटी करते. गर्भकाळ सुमारे महिनाभराचा असून एका वेळी एक-दोन, क्वचित तीन पिल्ले होतात. पिल्लांचा सांभाळ मादीच करते.

या प्राण्याचे सारे जगणे एका गोष्टीवर अवलंबून आहे : फांदीला फांदी भिडलेली असणे. सुमारे ६ मीटरची झेप ते सहज घेते, पण त्याहून रुंद मोकळी जागा आली की वाट संपते. जमिनीवर ते क्वचितच उतरते. म्हणून महाबळेश्वरच्या पठारावरचे अंजनी, जांभूळ, पिसा यांचे बुटके पण सलग छत त्याला मोलाचे आहे. १९८५ मध्ये कोयना आणि चांदोली ही अभयारण्ये जाहीर झाली. चांदोलीला २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. नाव वाघाचे असले तरी या संरक्षणाचा मोठा लाभ शेकराला आहे, कारण तिथे जंगलाचे छत सलग राखले जाते. रस्त्यासाठी दुतर्फा झाडे तुटली की जमिनीवरच्या प्राण्याला तो केवळ ओलांडायचा पट्टा असतो. शेकराच्या हद्दीचे मात्र दोन तुकडे होतात.

त्याला शोधायचे तर सकाळी लवकर, पावसाळा सरल्यावर जावे. आधी कानावर येतो तो खडखडल्यासारखा कर्कश आवाज, मग पायाशी पडलेली ताजी साल दिसते, आणि तेव्हा मान वर करावी.