इंदुरात लहान मुलासाठी विशेष शिक्षण: अर्ज कुठे, कागद कोणते, आणि आधी काय

मूल तीन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडत नाही, हाक मारली तर वळून बघत नाही, की घरातली वडील मंडळी म्हणतात, "थांबा जरा, याचा बापही उशिराच बोलला." थांबू नका. मदत सुरू व्हायला दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागत नाही, आणि प्रमाणपत्राच्या कामाला वेळ लागतो. म्हणून दोन्ही कामं एकाच वेळी सुरू करावीत. इंदूरमध्ये एक वाट आरोग्य खात्यातून जाते आणि दुसरी शिक्षण खात्यातून. दोन्ही खाती आपापल्या फायलींत असतात, त्यामुळे एकीकडचा कागद दुसरीकडे आपणच न्यायचा.

आधी तपासणी

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे आणि जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. त्याच्याखाली जिल्हा पातळीवर 'अर्ली इंटरव्हेन्शन सेंटर' असतं. तिथे फिजिओथेरपी, स्पीच थेरपी, कान-डोळ्यांची तपासणी मोफत होते. अंगणवाडीतून किंवा शाळेत येणाऱ्या आरोग्य पथकाकडून चिठ्ठी मिळते, बालरोगतज्ज्ञाची चिठ्ठीही चालते. मूल बोलत नाही अशी तक्रार असेल तर सगळ्यात आधी श्रवण तपासणी (बेरा) करून घ्या. तो रिपोर्ट पुढे प्रत्येक टेबलावर मागतात. अंगणवाडीला कमी लेखू नका. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने दिव्यांग मुलांसाठी 'अंगणवाडी प्रोटोकॉल' काढला. मुलातली लक्षणं ओळखणं, त्याला इतर मुलांत सामावून घेणं आणि पुढे पाठवणं ही आता ताईंच्या कामाचा भाग आहे. जास्त सखोल तपासणी हवी असेल तर भोपाळच्या सीआरसीमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या दिव्यांगांसाठीच्या प्रादेशिक केंद्रात, २०२१ पासून सगळ्या प्रकारच्या दिव्यांगत्वासाठी एकत्र केंद्र आहे.

आपल्या मराठी घरांतली एक गोष्ट तपासणाऱ्याला सांगावीच लागते. मूल घरी मराठी ऐकतं, समोरचे मॅडम-सर हिंदीत विचारतात. 'पाणी दे' कळणारं मूल 'पानी लाओ'ला गप्प बसतं आणि कागदावर 'सूचना समजत नाही' असं लिहिलं जातं. म्हणून मूल जे शब्द बोलतं आणि जे नुसते समजतं, त्यांच्या दोन वेगळ्या याद्या करून न्या. घरची भाषा मराठी आहे हे रिपोर्टमध्ये लिहायला लावा. घरात मराठी बंद करा, फक्त हिंदी किंवा इंग्रजी बोला, असा सल्ला अजूनही मिळतो. दोन भाषांमुळे बोलणं मागे पडत नाही. आजीची भाषा तोडून मात्र मुलाशी दिवसभर बोलणारं एक माणूस कमी होतं.

कागदांची जुळवाजुळव

मध्य प्रदेशात गाडी समग्र आयडीपाशी, म्हणजे राज्य सरकारच्या कुटुंब-नोंदणी क्रमांकापाशी, अडते. कुटुंबाचा आठ आकडी आणि मुलाचा स्वतंत्र नऊ आकडी क्रमांक लागतो आणि तो आधारशी जोडलेला, म्हणजे ई-केवायसी झालेला असावा लागतो. नगर निगमच्या झोन ऑफिसात किंवा एमपी ऑनलाइनच्या दुकानात हे होतं. पाच वर्षांखालच्या मुलाचं बाल आधार बोटांच्या ठशांशिवाय निघतं, पाच पूर्ण झाल्यावर ते अद्ययावत करावं लागतं.

मराठी घरांची खरी अडचण नावाची असते. बाळंतपण माहेरी झालं, जन्मदाखला पुण्याचा किंवा जळगावचा, त्यावर मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तिन्ही. आधारवर फक्त नाव आणि आडनाव. समग्रमध्ये काळेंचे 'काले' झालेले. दाखला दुसऱ्या राज्याचा असल्याने काही बिघडत नाही, पत्ता इथला असला की झालं. पण इंग्रजी स्पेलिंग आणि जन्मतारीख तिन्ही ठिकाणी एकसारखी करून मगच पुढचा अर्ज भरा. बाकी लागतं ते नेहमीचंच: सहा महिन्यांच्या आतला फोटो, पत्त्याचा पुरावा, आई किंवा वडिलांचं आधार आणि आजवरचे सगळे रिपोर्ट.

यूडीआयडी

यूडीआयडी म्हणजे दिव्यांग व्यक्तीचं ओळखपत्र; हे कार्ड आणि दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र एकाच अर्जातून मिळतं. तो अर्ज स्वावलंबन पोर्टलवर फुकट भरता येतो. दिव्यांगत्वाचा प्रकार आणि रुग्णालय निवडायचं, नोंदणी क्रमांक येतो, मग ठरलेल्या दिवशी मूळ कागद घेऊन मेडिकल बोर्डासमोर जायचं. २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यात २१ प्रकार आहेत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व, बहुदिव्यांगत्व हे सगळे त्यात येतात.

पाच वर्षांखालच्या मुलाला बोर्ड सहसा 'ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले' (वाढीचे टप्पे एकंदरीत उशिरा येणं) असं निदान लिहितं आणि प्रमाणपत्र तात्पुरतं देतं. त्याने घाबरू नये. मूल पाच वर्षांचं झाल्यावर पुन्हा मूल्यमापन व्हायचंच असतं, त्या तारखेची नोंद मात्र ठेवा. बौद्धिक दिव्यांगत्वाची टक्केवारी व्हीएसएमएस नावाच्या मापनावर काढतात. हे मापन बहुतांश पालकांना विचारलेल्या प्रश्नांवर चालतं: मूल स्वतः जेवतं का, कपडे घालतं का, जिना उतरतं का. इथे आपली माणसं गडबड करतात. चारचौघांत मुलाची लाज राखायला 'हो, करतो की' म्हणतात. आपण शेजारी बसून, घास हातात देऊन जेवतो तर तसंच सांगा. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ५५ ते ६९ गुणांना ५० टक्के आणि ७० ते ८४ गुणांना २५ टक्के लावतात. कायद्यातले बहुतेक लाभ ४० टक्क्यांपासून सुरू होतात, म्हणजे एका फुशारकीच्या उत्तराने मूल रेषेच्या पलीकडे जाऊ शकतं.

ऑक्टोबर २०२४ च्या दुरुस्तीनंतर कार्डाचे तीन रंग झाले: ४० टक्क्यांच्या खाली पांढरं, ४० ते ७९ पिवळं, ८० आणि पुढे निळं. प्रमाणपत्र देण्याची मुदत आता तीन महिने आहे. अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावं लागतं आणि निर्णय मान्य नसेल तर ९० दिवसांत अपील करता येतं. प्रमाणपत्र देशभर चालतं. उद्या बदली होऊन पुण्याला गेलात तरी ते तिथेही मान्य असतं.

बालवाडीतल्या मुलाला कुणी 'डिस्लेक्सिया आहे, सर्टिफिकेट काढा' म्हणालं तर ऐकून सोडून द्या. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षांच्या आधी मिळत नाही. मदत मात्र आजपासून मागता येते.

शाळा

४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे (२०१६ चा कायदा, कलम ३१). निवड पालकांची आहे, मुख्याध्यापकांची नाही. शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलाची परीक्षा घ्यायला बंदी आहे, आणि वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

खासगी शाळेतल्या २५ टक्के मोफत जागांसाठी मध्य प्रदेशात ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र असलेलं मूल वंचित गटात धरलं जातं. अर्ज ऑनलाइन, मग कागद पडताळणी, मग लॉटरी, घराच्या वॉर्डाला प्राधान्य. अर्जाची खिडकी थोडेच दिवस उघडी असते आणि प्रमाणपत्र त्याआधी हातात लागतं. पुढच्या सत्रात प्रवेश हवा असेल तर यूडीआयडीचा अर्ज दिवाळीच्या सुमारासच टाकून ठेवा.

सरकारी शाळेत समग्र शिक्षा अभियानाची व्यवस्था असते. जनपद शिक्षा केंद्रात बीआरसी, म्हणजे तालुका पातळीवरचे समन्वयक, बसतात, त्यांच्या हाताखाली विशेष मुलांसाठी 'एमआरसी', म्हणजे फिरते शिक्षक असतात. मुलाची वैयक्तिक शिक्षण योजना त्यांनी शाळेबरोबर बसून करायची असते. घराबाहेर नेणंच शक्य नसेल तर घरी शिक्षणाचा पर्याय आहे. दर मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद असते, पण ती साहित्य-सेवांसाठी आहे, हातात रोख मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं. प्रत्यक्षात एका एमआरसीकडे अनेक शाळा असतात, त्यामुळे 'येतील कधीतरी' यावर विसंबू नका. अर्ज लिहा.

मुख्याध्यापकांच्या नावे, प्रत बीआरसीला. 'माझ्या मुलाला विशेष साहाय्य मिळावे' इतकंच लिहिलेला अर्ज फायलीत सुखाने झोपतो. काय हवं ते एकेक लिहा: पुढच्या बाकावर जागा, एका वेळी एकच सूचना, चित्रकार्डं, शौचाला नेणारं कुणीतरी, थेरपीच्या दिवशी उशिरा येण्याची मुभा, एमआरसीची पहिली भेट कोणत्या तारखेला. सोबत रिपोर्टच्या प्रती जोडा, मूळ कागद कुणालाही देऊ नका. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. खासगी सीबीएसई शाळेतही हेच पत्र द्या, तिथे विशेष शिक्षक नेमणं संलग्नतेच्या नियमांतच आहे. बाहेर पैसे देऊन थेरपी घेत असाल तर स्पीच थेरपिस्टचा किंवा विशेष शिक्षकाचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. तो सांगायला कुणी कुरकुर करत असेल तर दुसरा बघा.

पैशांचं थोडक्यात. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुदिव्यांगत्व असेल तर केंद्राच्या राष्ट्रीय न्यास या संस्थेच्या निरामय विम्यात वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण आहे, थेरपीचा खर्चही त्यात येतो. जुन्या कर पद्धतीत पालकाला ७५,००० रुपयांची, ८० टक्के किंवा त्यापुढे १,२५,००० रुपयांची वजावट मिळते.

काम अडलं तर आधी बीआरसी, मग जिल्हा शिक्षा केंद्रातले डीपीसी, म्हणजे जिल्ह्याचे समन्वयक. तिथेही हललं नाही तर मंगळवारी मोती तबेल्याच्या कलेक्टर कचेरीत जनसुनवाई, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकण्याची बैठक, असते. शिक्का मारलेला अर्ज आणि आवक क्रमांक घेऊन जा, नुसती तोंडी तक्रार तिथून परत शाळेकडेच येते. १८१ वर सीएम हेल्पलाइनला तक्रार नोंदवली तर ती अधिकाऱ्याने निकाली काढल्यावर तुम्हाला फोन येतो. काम झालेलं नसेल तर 'समाधान झालं' म्हणू नका, तक्रार वरच्या अधिकाऱ्याकडे जाऊ द्या. शेवटचा दरवाजा भोपाळच्या दिव्यांगजन आयुक्तांचा, तिथे लेखी अर्ज पुरतो.