जुन्या धुना आणि ४३२ हर्ट्झ : एक खुलासा

‘साठ-सत्तरच्या दशकांतील गिटारच्या धुना ४३२ हर्ट्झला जुळवलेल्या असत, म्हणून त्या गोड वाटतात,’ असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. प्रत्यक्षात वाद्ये जुळवताना आधाराला घेतला जाणारा पाश्चात्त्य ‘ए’ हा स्वर ४४० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४४० कंपनांना, धरण्याची शिफारस १९३९ सालीच लंडनच्या परिषदेत झाली होती आणि त्या धुना बहुतांशी त्याच मापाने वाजल्या. दोहोंतील फरक अर्ध्या स्वराच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याचा आहे. पट्टा सैल झालेला टेपरेकॉर्डर दोन टक्के मंद फिरला, तरी धून तेवढी उतरते. धुळ्याच्या घरातील माझा टेप याहूनही आळशी होता. मोबाइलवरील ट्यूनर धुनेतील लांबलेल्या सुरासमोर धरल्यास आकडा दिसतो, मात्र कॅसेटऐवजी मूळ ध्वनिमुद्रणाची डिजिटल प्रत घ्यावी. शिवाय आपल्या खानदेशातील भजनात पेटीवाला गळा पाहून काळी एक किंवा काळी दोन या पट्टीचा ‘सा’ देतो, आणि गोडवा दोन्हीकडे असतो.