ऊब कोणाला, गारवा कोणाला

जानेवारीतल्या एका सकाळी न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या भाचीने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक छायाचित्र पाठवले. तिच्या तळघरात, छताजवळच्या कोपऱ्यात, अंगठ्याहून जरा मोठे असे एक तपकिरी वटवाघूळ पंख मिटून भिंतीला चिकटले होते. बाहेर बर्फ पडत होता आणि बिचारे गारठले असेल, तर टॉवेलात गुंडाळून हीटरपाशी ठेवू का, असे ती विचारत होती. इकडून गेलेल्या उत्तरांपैकी निम्म्यांनी 'ठेव' म्हटले आणि उरलेल्यांनी घरात वटवाघूळ येणे अशुभ असल्याने ते ताबडतोब बाहेर टाकायला सांगितले. शुभाशुभाच्या समजुतीला कोणताही आधार नाही. पण दयेपोटी दिलेला पहिला सल्लाही तितकाच घातक होता आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

उत्तर अमेरिकेत 'मोठे तपकिरी वटवाघूळ' म्हणून ओळखली जाणारी ही जात पंधरा ते पंचवीस ग्रॅम वजनाची, म्हणजे पाच रुपयांच्या तीन-चार नाण्यांइतकी असते. ती केवळ कीटकांवर जगते आणि हिवाळ्यात कीटक नसतात. त्यामुळे शरद ऋतूत चरबी साठवून ती गुहेत, खाणीत किंवा घराच्या भिंतींच्या पोकळीत शीतनिद्रा घेते. उडताना मिनिटाला कित्येक शेकडा पडणारे हृदयाचे ठोके तेव्हा दहा-वीसवर येतात आणि शरीराचे तापमान भोवतालच्या तापमानापेक्षा अंशभरच अधिक राहते. म्हणून गारठलेले वटवाघूळ आजारी असतेच असे नाही. अनेकदा ते काटकसर करत असते. मात्र दर दोन-तीन आठवड्यांनी ते स्वतःहून जागे होते, आणि हे जागे होणेच फार महाग पडते.

जागे होण्याची भट्टी त्याच्या पाठीवर, खांद्यांच्या दोन पात्यांमध्ये असते. ती तपकिरी चरबीची बनलेली असते. आपल्या पोटावर साठणाऱ्या पांढऱ्या चरबीसारखी ही नव्हे. हिच्या पेशी तंतुकणिकांनी गच्च भरलेल्या असतात आणि त्यांतील लोहयुक्त प्रथिनांमुळे तिला तो रंग येतो. तंतुकणिका हे पेशीचे ऊर्जाकेंद्र, हे आपण शाळेत शिकलो. ते केंद्र चालते मात्र जलविद्युत प्रकल्पासारखे. अन्नाच्या ज्वलनातून मिळालेली ऊर्जा वापरून प्रोटॉन आतल्या पटलाच्या पलीकडे ढकलले जातात, तिथे त्यांचा साठा होतो, आणि कोयनेचे पाणी जसे पोफळीला जनित्रे फिरवते तसे हे प्रोटॉन परत येताना एका विकरातून वाट काढत एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, तयार करतात. तपकिरी चरबीतील तंतुकणिकांच्या पटलात थर्मोजेनिन नावाचे आणखी एक प्रथिन असते, आणि ते म्हणजे जनित्राला वळसा घालणारी वाट आहे. मेंदूचा इशारा आला की चेतातंतूंच्या टोकांशी संदेशवाहक रसायन नॉरअ‍ॅड्रेनॅलिन सुटते, चरबीचे रेणू फुटून मेदाम्ले मोकळी होतात, आणि ही मेदाम्ले जळणही पुरवतात आणि थर्मोजेनिनची दारेही उघडतात. मग प्रोटॉन कोणतेही काम न करता परत धावतात आणि एरवी एटीपीत बांधली गेली असती ती ऊर्जा निव्वळ उष्णता होऊन बाहेर पडते. तापलेले रक्त आधी हृदयाकडे आणि मेंदूकडे जाते, शरीराचा मागचा भाग नंतर ऊबदार होतो, पुढे स्नायूंची थरथर या भट्टीला हातभार लावते, आणि साधारण तासाभरात पाच-सात अंशांवरचा जीव पस्तीस अंशांपलीकडे पोहोचतो. मला जीवसृष्टीतली ही एक अतिशय देखणी व्यवस्था वाटते.

हिवाळ्याचा अगदी थोडा काळ वटवाघूळ जागे असते, पण चरबीचा बहुतेक खर्च त्या थोड्या काळातच होतो. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीजवळच्या एका गुहेत 2006 साली प्रथम टिपल्या गेलेल्या 'श्वेतनासिका' रोगाने लाखो वटवाघळे मेली ती याच मार्गाने: नाकावर आणि पंखांवर वाढणारी थंडीप्रिय बुरशी त्यांना वारंवार जागे करते आणि चरबी वसंतापूर्वीच संपते. हीटरजवळ ठेवलेल्या वटवाघळाचेही हेच होते. ते जागे होते, आणि खायला काहीच नसते.

भाचीने शेवटी परवानाधारक वन्यजीव शुश्रूषकाला फोन केला. वटवाघळाला उघड्या हाताने शिवायचे नाही, कारण त्यांच्यापैकी काहींना रेबीज असतो आणि त्यांचा चावा दिसतही नाही इतका बारीक असतो. म्हणून जाड हातमोजे घालून, भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात कापडासह ते ठेवायचे आणि खोके थंड जागी ठेवायचे, असे तिला सांगण्यात आले. शुश्रूषकांकडे पुढे दोन वाटा असतात. धडधाकट, चरबी असलेल्या वटवाघळाला गोठणबिंदूच्या थोड्या वर तापमान आणि भरपूर आर्द्रता राखलेल्या शीतपेटीत झोपू देतात. रोडावलेल्याला आधी पाणी पाजून, जागे ठेवून, वसंतापर्यंत खाऊ घालतात. उडता कीटक पकडणाऱ्या या प्राण्याला ताटलीतली अळी हे अन्न आहे हे कळत नाही, म्हणून सुरुवातीला अळीचे डोके काढून तिच्या आतला मऊ भाग चिमट्याने त्याच्या ओठांना लावावा लागतो. एकदा चव कळली की ते पुढच्या अळीकडे स्वतःहून तोंड वळवते. रात्री उबदार होऊन कीटक उडू लागल्याखेरीज त्याला सोडत नाहीत; भाचीचे वटवाघूळ मे महिन्यात सुटले.

याच शुश्रूषकांच्या शेजारच्या पिंजऱ्यात ओपोसम नावाचा, साधारण मांजराएवढा प्राणी असतो, आणि त्याची गरज नेमकी उलटी आहे. अमेरिका आणि कॅनडात आढळणारा हा एकमेव शिशुधानी प्राणी. जेमतेम तेरा दिवसांच्या गर्भावस्थेनंतर जन्मलेली पिल्ले आईच्या पिशवीत वाढतात. ओपोसमला शीतनिद्रा नाही, वर सांगितलेली तपकिरी भट्टीही नाही. थंडीत थरथरणे आणि बिळात दडणे एवढेच उपाय त्याच्यापाशी आहेत. मूळचा उबदार प्रदेशातला हा प्राणी उत्तरेकडे पसरत दक्षिण ओंटारिओपर्यंत पोहोचला, पण कान आणि शेपटी उघडीच राहिली. तिथल्या ओपोसमांच्या कानांच्या कडा आणि शेपटीची टोके हिमदंशाने झडलेली दिसतात ती त्यामुळे. उन्हाळ्यातल्या दुसऱ्या विणीची अनाथ पिल्ले शरद ऋतूत पुरेशी मोठी झाली नाहीत, तर त्यांना हिवाळाभर सांभाळावेच लागते. त्यांच्या आहारात कॅल्शियम आणि फॉस्फरसचे प्रमाण चुकले, म्हणजे नुसते मांस किंवा नुसती फळे दिली, तर हाडे मऊ होऊन वाकतात.

ओपोसम एका हंगामात पाच हजार गोचिडे फस्त करते, हे वाक्य समाजमाध्यमांवर वर्षानुवर्षे फिरते आहे. पिंजऱ्यातल्या मोजक्या प्राण्यांवरील प्रयोगातून काढलेला तो अंदाज होता. 2021 साली इलिनॉय राज्यातल्या 32 ओपोसमांच्या पोटांतील अन्न तपासले गेले, तेव्हा एकही गोचीड सापडले नाही. ओपोसमला जगू देण्यासाठी अशा फुगवलेल्या आकड्याची गरज नाही.

बाहेरच्या पिंजऱ्यात ओपोसमच्या पिल्लांसाठी लाकडी खोके ठेवतात आणि त्यात कोरडा पेंढा भरतात, कारण चादर ओली झाली की अंगातली उष्णता खेचून घेते. पेंढा पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला टाकला, तर पिल्लू तो तोंडाने उचलते, पुढच्या पायांनी पोटाखालून मागे सरकवते, शेपटीचा वेढा घालून त्याची मोळी बांधते आणि ती तशीच उचलून खोक्यापर्यंत चालत जाते. हे त्याला कोणी शिकवलेले नसते.